कृपया हरवावे

१ जानेवारी २०००
नवीन सहस्रक. आजपासून रोजनिशी. रोज. एकही दिवस न चुकता.

काल कंपनीतला शेवटचा दिवस झाला. व्हीआरएस घेतली. म्हणजे त्यांनी दिली, मी घेतली. सातपूरच्या कारखान्यात उभी हयात टाइम ऑफिसला काढली. कोण लेट, कोणाचा हाफ डे, कोणाच्या कार्डावर लाल शेरा, सगळं या धनराज खैरनारच्या हातात. आता म्हणे हे काम कॉम्प्युटर करणार. बघू. आठवड्याभरात फोन येईल, "खैरनार, परत या."

दिवसभर फोनजवळ बसलो. ललिताने विचारलं, कोणाचा फोन यायचाय? म्हटलं, कोणाचाच नाही, इथे वारा चांगला लागतो.

६ जानेवारी
मधले दिवस लिहायचे राहिले. तब्येत.
फोन आला. राँग नंबर. तरी बराच वेळ बोललो. सज्जन माणूस होता, दिंडोरीचा. द्राक्षांवर फवारायचं औषध मागत होता.

११ जानेवारी
ललिता पुढच्या खोलीत शिवणक्लास घेते. क्लासला अजिबात शिस्त नाही. मी दारात टेबल टाकून मुलींच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहू लागलो. एकीला हाफ डे लावला. ती रडली. ललिता म्हणाली, "अहो, तुम्ही वर जा."
वर म्हणजे टेकडीवर फिरायला. आधी मी वेगळं समजलो होतो.

१२ जानेवारी
टेकडीवर गेलो. आमची कॉलनी टेकडीच्या उतारावर, आणि माथ्यावर पालिकेचं उद्यान. उद्यान म्हणजे एक मोडकी घसरगुंडी, बंद कारंजं आणि चिमणाबाईच्या शेळ्या. तिथून अख्खं नाशिक दिसतं. नाशिककरांना मात्र वर बघावंसं वाटेल असं काही नाही. वाईट वाटलं.

१६ जानेवारी
सलूनमध्ये दाढी करायला खुर्चीत बसलो होतो. तिथल्या जुन्या मासिकात एक फोटो. परदेशातली टेकडी. वर झुडपांच्या भिंतींचा गोल गोल भूलभुलैया, आणि बरोबर मध्यभागी सूर्यघड्याळ! अंगावर काटा आला. न्हाव्याला वाटलं वस्तरा लागला.
टेकडी आपल्याकडे आहे. सूर्य आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे. आणि वेळ या विषयातला माणूस आपल्या कॉलनीतच आहे. योगायोग नव्हे.
पान फाडून आणलं. अर्धी दाढी राहिली.

२ फेब्रुवारी
नगरसेविका मेहरुन्निसा आपांना भेटलो. आपा स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, "खैरनारभाऊ, भूलभुलैया कशाला? माझ्या वॉर्डात लोक आधीच ऑफिस शोधत फिरतायत." मी मासिकाचं पान दाखवलं. सूर्यघड्याळाला वीज लागत नाही, चावी लागत नाही, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बागेचा फंड मार्चएन्डला परत जातो, त्यापेक्षा करून टाका.
म्हणजे त्यांना कल्पना फार आवडली.

१० फेब्रुवारी
काम सुरू. शफी मिस्त्री आले. मी रात्रंदिवस खपून आलेख कागदावर नकाशा काढला आहे. चार गोल, मधे फसव्या वाटा. मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, बाहेर निघायचा दरवाजा कुठे?"
म्हटलं, एकच दरवाजा. जायचं त्यातूनच, यायचं त्यातूनच.
ते म्हणाले, "म्हणजे माणूस आत जाणार, फिरफिर फिरणार, आणि जिथून गेला तिथूनच परत येणार?"
म्हटलं, बरोब्बर.
"मग तो बाहेरच उभा राहिला तर नाही का चालणार?"
मिस्त्री साधे आहेत. चहा पाजला.

१५ फेब्रुवारी
फक्कीच्या रेघा मारून झाल्या. एक छोटी गोष्ट लक्षात आली. नकाशात मध्यभागी जायला वाटच नाही. मिस्त्री म्हणाले, चुकलं वाटतं. मी सांगितलं, ही मुद्दाम ठेवलेली कसोटी होती, तुम्ही पास झालात. त्यांनी एका ठिकाणी रेघ पुसली.

२५ फेब्रुवारी
सूर्यघड्याळ बसलं! काळ्या दगडाचा ओटा, वर पितळी काटा, भोवती आकडे. काट्याचा तिरपा कोन पेपरातल्या लेखाबरहुकूम. मनगटावरचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांना लावून गेलो होतो. सावली पडली. ताडून पाहिलं.
सूर्य लेट आहे.
थोडाथोडका नाही, जवळजवळ पाऊण तास. मिस्त्री म्हणाले, साहेब, काटा फिरवू का? मी ठाम नकार दिला. लेट येणाऱ्यासाठी मी आयुष्यात कधी काटा फिरवला नाही. चूक घड्याळाची नाही. सूर्याची आहे. कंपनीत असता तर कधीच मेमो गेला असता.
उद्यापासून त्याची हजेरी ठेवणार.

१९ मार्च
मेंदीची रोपं लावून झाली. भिंती तयार. तूर्त उंची वितभर. लोक येतात, टांग टाकून सरळ मध्यभागी जातात, ओट्यावर बसून शेंगा खातात. मी शिट्टी वाजवून "वाटेने या, वाटेने या!" असं ओरडतो. देवरामकाका बोरस्ते, रोज संध्याकाळी फिरायला येतात, म्हणाले, "धनराज, अरे हरवायला आधी समोरचं दिसायचं बंद व्हावं लागतं."
हा विचार मी आधीच केला होता. पाटी लावली:
भिंती ओलांडू नयेत. कृपया हरवावे.

२ एप्रिल
चिमणाबाईच्या शेळ्यांनी पूर्वेची भिंत खाल्ली. मी पाटीकडे बोट दाखवलं. चिमणाबाई म्हणाली, "शेळीला काय वाचता येतंय व्हय? आन् एवढा कवळा पाला तुमी लावता कशाला मग?" मी म्हटलं, हा भूलभुलैया आहे, यात जनावरांनाही वाट सापडू नये. ती म्हणाली, "त्यांना नाय सापडली वाट. म्हनून तर खाऊन केली."
नवीन रोपं लावली. सोबत काटेरी फांद्या.

१ मे
उद्घाटन. वेळ भर दुपारची ठेवली होती, सावली रेखीव पडते म्हणून. मी सकाळपासून कोट घालून ओट्यापाशी. ओटा असा तापला की हार ठेवले ते वाळले. आपा आल्या नाहीत. लग्नसराई. त्या आल्या दिवे लागल्यावर. सूर्य गेला होता. (तो जायच्या बाबतीत कधी लेट नसतो, हे अशा लोकांचं लक्षण.)
आपांनी फीत कापली, झुडपांवरून टांग टाकून सरळ मध्यभागी आल्या. म्हणाल्या, किती वाजले यात? काट्याला सावलीच नव्हती. त्यांच्या पीएने खिशातून टॉर्च काढला, काट्यावर मारला आणि विचारलं, "बोला आपा, किती वाजवायचे?" आपा म्हणाल्या, "सात वाजव. आठला पंचवटीत अजून एक लग्न आहे." त्याने टॉर्च थोडा डावीकडे नेला. सात वाजले. टाळ्या.
सूर्यघड्याळ अंधारातही चालतं हे सिद्ध झालं. परदेशातल्या लोकांना हे अजून सुचलेलं नाही.
ललिता कार्यक्रमाला आली नाही. तिची काहीतरी धावपळ चालू होती.

२० जुलै
सूर्य गैरहजर. महिना होऊन गेला. रजेचा अर्ज नाही.

२८ ऑक्टोबर
महत्त्वाची नोंद. सूर्य सुधारतोय! फेब्रुवारीत पाऊण तास लेट असायचा, आता जेमतेम वीस मिनिटं. न बोलता, न ओरडता, फक्त रोज समोर उभं राहून लिहीत गेलो. शिस्त म्हणजे काय ते ललिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता सरकून बसा, मला हंडा ठेवायचाय."

११ फेब्रुवारी २००१
परत पाऊण तास. वर्षाच्या सुरुवातीपासून घसरगुंडी लागली होती, मी डोळेझाक केली. सूर्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता.
मेंदी मात्र कमरेपर्यंत.

३ एप्रिल
ललिताने नवीन व्यायाम सुरू केलाय. पहाटे दोन कळशा घेऊन उताराच्या खालच्या वळणापर्यंत जाते आणि भरलेल्या घेऊन तीन मजले चढते. पुन्हा जाते. कॉलनीतल्या बऱ्याच बायका हाच व्यायाम करतात. फॅशन असते एकेक. मी तिला सांगितलं, पाठ ताठ ठेव. तिने माझ्याकडे पाहिलं. प्रेमाने असावं. अंधार होता.

१९ ऑगस्ट
यंदाच्या पावसाने कमाल केली. मेंदी डोक्याच्या वर! भिंती गच्च, पलीकडचं काही दिसत नाही. आज देवरामकाका हरवले. खरेखुरे! आतून हाका मारत होते. आनंदाने डोळे भरून आले. मी बाहेरून दिशा सांगत होतो, "काका, डावीकडे! आता परत डावीकडे!" ते आणखी आत गेले. शेवटी चिमणाबाईच्या शेळीमागून रांगत बाहेर आले. चिखलाने माखलेले, बोलत नव्हते. खूप प्रभावित झाले होते.

२३ ऑगस्ट
आज मी स्वतः आत गेलो. मुद्दाम वेळ घेतला. तिन्हीसांजेपर्यंत मुद्दाम घेतला. त्याच वळणावर पुन्हा पुन्हा गेलो, कारण ते वळण मला विशेष आवडतं. शफी मिस्त्री योगायोगाने तिथून चालले होते, त्यांना सहज हाक मारली, आणि दोघं गप्पा मारत बाहेर आलो. त्यांनी माझा हात धरला होता. घसरडं होतं.

९ सप्टेंबर
आनंदाची बातमी. ललिताला खगोलशास्त्राची गोडी लागली आहे! ती आणि कॉलनीतल्या पंधरावीस बायका दुपारी सतरंजी घेऊन भूलभुलैयात जातात. पार मध्यभागी, सूर्यघड्याळाभोवती बसतात. मी विचारलं, तिथेच का? ती म्हणाली, "तिथे कोणाचा नवरा पोचत नाही."
एकाग्रतेला एकांत लागतोच.

१६ सप्टेंबर
झुडपांबाहेर उभं राहून थोडं ऐकलं. जोरदार चर्चा चालू होती. "पाणी" हा शब्द सारखा येत होता. पूर्वी पाण्याचं घड्याळ असायचं, घटिकापात्र, त्यावर बोलत असणार. एकजण तर मोठ्याने घोषणाच देत होती. विषयात इतक्या पुढे गेल्यात हे मला माहीत नव्हतं.

४ ऑक्टोबर
घात झाला. आपांच्या ऑफिसातून कळलं, टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी बांधायचा प्रस्ताव आहे. माथ्यावर म्हणजे भूलभुलैयावर! कॉलनीत पाण्याला प्रेशर नाही अशी तक्रार म्हणे. कोण तक्रार करतं? माझ्या बादलीत रोज सकाळी पाणी असतं. भरून ठेवलेलं असतं.
लढा देणार. येत्या अठराला पालिकेचे इंजिनिअर पाहणीला येतायत. त्यांना आत नेऊन सूर्यघड्याळ दाखवणार. एकदा पाहिलं की पाडायची हिंमत होणार नाही.
ललिताला म्हटलं, त्या दिवशी तुझ्या सगळ्या मैत्रिणींना बोलव. ती म्हणाली, "सगळ्या येतील. ते मी तुम्हाला आधीच सांगणार होते."
किती साथ आहे तिची.

१८ ऑक्टोबर. दुपार
बायका आल्या. चाळीस तरी असतील. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामा हंडा. स्वागताला कलश हवेत हे मला सुचलंच नव्हतं. ललिताच्या डोक्यावर आमच्या घरातला मोठा पितळी. सगळ्या झपाझप आत शिरल्या.
इंजिनिअर साहेब आणि आपा येताना दिसतायत. कोट घातला आहे. बाकी नंतर.

१८ ऑक्टोबर. संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
मी पुढे, मागे इंजिनिअर साहेब, त्यांच्यामागे आपा. पहिलं वळण उत्तम पार पडलं. दुसऱ्या वळणावर मी सूर्याच्या गैरहजेरीबद्दल माहिती दिली. तिसऱ्या वळणावर भिंत लागली. परत फिरलो. पुन्हा भिंत. साहेब म्हणाले, "हे झाड आपण मघाशी पाहिलं." मी म्हटलं, सगळी झाडं मेंदीचीच आहेत. ते म्हणाले, "पण यावर माझा रुमाल अडकलेला आहे."
आपा म्हणाल्या, "खैरनारभाऊ, हे तुम्हीच बनवलं ना?" म्हटलं, हो. "मग?" म्हटलं, चांगलं बनवलंय.
ऊन तापलं. आपा खाली बसल्या. साहेबांना घाम फुटला, त्यांनी पाणी मागितलं. माझ्याकडे नव्हतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून ललिताचा आवाज आला. अगदी शांत. "अहो, तिथेच उभे राहा. हलू नका. साहेब, उजव्या हाताला वळा. शेळ्यांनी खाल्लेली जागा लागेल, तिथून डावीकडे. आता सरळ या." आम्ही चालत गेलो. दोन मिनिटांत मध्यभागी.
चाळीस बायका सतरंज्यांवर बसलेल्या. सूर्यघड्याळावर हंड्यांची उतरंड रचलेली. काटा दिसतच नव्हता. ललिताने इंजिनिअर साहेबांना तांब्या दिला. ते गटागटा प्यायले. मग ती म्हणाली, "साहेब, हे पाणी खालच्या वळणावरून आणलंय. टँकरचं. पहाटे नंबर लावून. तीन मजले चढून. तुम्हाला एक तांब्या पुरला. आम्हाला घरटी दहा हंडे लागतात."
साहेब तांब्याकडे बघत राहिले.
मी मधे बोललो. म्हटलं, साहेब, हे सूर्यघड्याळ नाशिकचं भूषण आहे, याच्यामुळे वेळ कळते. ललिता माझ्याकडे वळली. चिडलेली नव्हती. म्हणाली, "अहो, दोन वर्षं सूर्य किती वाजता येतो ते लिहिताय. आपल्या नळाला पाणी किती वाजता येतं?"
सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी विचार केला. पुष्कळ विचार केला. उत्तर येत नव्हतं असं नाही, आठवत नव्हतं.
चिमणाबाई मागून म्हणाली, "येतच नाय, तर काय सांगतील बिचारे."
सगळ्या हसल्या. आपाही. मीही हसलो. कोणत्या मुद्द्यावर ते घरी आल्यावर लक्षात आलं.
साहेबांनी ओट्यावर पाय आपटून पाहिला. म्हणाले, "खाली कातळ आहे. टाकीला जागा एक नंबर."
एकूण, सूर्यघड्याळाची जागा अचूक निवडली होती यावर तज्ज्ञांचं शिक्कामोर्तब झालं.

२१ ऑक्टोबर
ललिताशी बोलणं बंद केलं आहे. पूर्ण असहकार.

२२ ऑक्टोबर
तिच्या लक्षात आलेलं नाही. तिच्या मीटिंगा चालू आहेत. महिला समितीची अध्यक्ष झाली म्हणे. मीठ कुठे असतं हे विचारावं लागलं, म्हणून बोललो.

१७ डिसेंबर
जेसीबी आला. मला वाटलं होतं निदान तो तरी हरवेल. तो वळलाच नाही. सरळ गेला. अर्ध्या सकाळीत मैदान. मेंदीचा कच्चा वास सगळ्या टेकडीवर.
शफी मिस्त्री जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, हरवायला मात्र खरंच मजा यायची." ते स्वतः कधी हरवले नव्हते. मला बरं वाटावं म्हणून बोलले असावेत. किंवा नसावेत.
थोड्या वेळाने ललिता वर आली. थर्मासमधून चहा आणला होता. दोघं घसरगुंडीच्या कठड्यावर बसलो. ती म्हणाली, "भिंती चांगल्या वाढवल्या होत्यात हो. तिथे बसून पहिल्यांदा आम्हाला मोकळं बोलता आलं." मी चहाचा घोट घेतला. चहात साखर बरोबर होती.

३ जानेवारी २००२
टाकीचं बांधकाम सुरू. वर्ष तरी लागेल. समितीच्या वतीने देखरेखीला माणूस हवा असेल, तर अनुभवी माणूस कॉलनीतच आहे, असं मी ललिताच्या कानावर घातलं आहे. सिमेंटच्या गाड्यांची हजेरी ठेवावी लागेल. नंतर टाकीभोवती जागा उरते. तिथे काय करता येईल याचा ढोबळ आराखडा डोक्यात आहे. तिला अजून सांगितलेला नाही.

८ जानेवारी
निवड झाली! ललिताने स्वतः सांगितलं. समितीच्या कामासाठी ती आठवडाभर सकाळची बाहेर असते, तेव्हा पाण्याची जबाबदारी माझ्यावर. "जमेल ना?" म्हणाली. हसू आलं. एवढ्या मोठ्या कारखान्याची हजेरी सांभाळलेला माणूस. सोपी योजना आखली आहे: दोन्ही हातांत दोन कळशा, समतोल साधला जातो. चार खेपा. त्यानंतर पेपर, नाश्ता. मग टाकीच्या कामावर चक्कर.

९ जानेवारी. सकाळ
रांगेत बायकांनी पुढे जाऊ दिलं. नवखा म्हणून. मी नको म्हणालो नाही.
पहिल्या मजल्यावर एक कळशी अर्धी सांडली. दुसऱ्या मजल्यावर दुसरी. शिवणक्लासची एक मुलगी खाली उतरत होती, तिने विचारलं, काका, मी घेऊ का? म्हटलं, नको, रोजचंच आहे.
दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसून लिहितो आहे. वर पोचल्यावर मोजू, पण हंड्याचा तळ झाकला जाईल असं वाटतं. अजून तीन खेपा.
जरा बसतो.